पदक खुंटीला लावल्यानंतर

आपल्याकडे पहिल्याचं भारी कौतुक. पहिली मंगळागौर, पहिला दिवाळसण, पहिलं बाळंतपण. पहिल्या खेपेला चोरओटी काय, डोहाळजेवण काय, फुलांची वाडी काय! दुसऱ्या खेपेला तीच बाई नववा लागेपर्यंत बादलीभर धुणं गच्चीवर नेत असते आणि कुणी वळूनही बघत नाही. खरं तर दुसऱ्या वेळी हाताशी एक लहान मूल असतं, वय पुढं सरकलेलं असतं, म्हणजे कस तेव्हाच लागतो. पण आरती मात्र पहिलीचीच.

पळण्याचंही असंच आहे. १९ जानेवारी २०२५ ला मी मुंबईत माझी पहिली पूर्ण मॅरेथॉन पळाले. वय ४४, शिक्षण बी. ए., काम घर आणि संध्याकाळी वस्तीतले बचत गट. शाळेतली लिंबू-चमचा सोडली तर आयुष्यात कुठल्या शर्यतीत उतरलेली नाही. साताऱ्याला परत आल्यावर महिला मंडळानं शाल-श्रीफळ दिलं, भिशीतल्या मैत्रिणींनी केक आणला, शेजारच्या काकूंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. पंधरा दिवस नुसतं कौतुक. आणि मग जो तो एकच विचारायला लागला, "झाली ना हौस? आता काय?"

मैत्रिणींनो, आजचा लेख त्या 'आता काय'बद्दल आहे. शर्यतीच्या दिवसावर पुष्कळ लिहून येतं. त्यानंतर काय होतं, शरीराचं, मनाचं आणि घराचंही, त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

बेचाळीसचं गणित

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. गावात टी-शर्ट वाटून पाच किलोमीटरची दौड होते, तिलाही आपण मॅरेथॉनच म्हणतो. पाच किलोमीटर पळणं लहान काम नव्हे. पण मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. साताऱ्याहून निघालात तर वाई मागं टाकून पसरणीच्या घाटाला लागाल, एवढं! ते १९५ मीटरचं शेपूट आलं १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून. विंडसरच्या राजवाड्यापासून निघून मैदानातल्या राजघराण्याच्या आसनासमोर शर्यत संपवायची होती, ते अंतर तेवढं भरलं. पुढं १९२१ मध्ये तेच कायम केलं गेलं.

बायकांना मात्र या अंतरासाठी खूप वाट बघावी लागली. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली, काही जणी शेवटी दमून बसलेल्या दिसल्या, आणि 'हे बायकांना झेपणारं नाही' म्हणून ती शर्यत १९६० पर्यंत बंदच ठेवली. पुरुष दमले तर त्याला जिद्द म्हणायचं, बाई दमली की नाजूक! १९६७ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर अधिकृत नंबर लावून धावत होती, तर एक पदाधिकारी तिला ओढून बाहेर काढायला रस्त्यात उतरला. ती थांबली नाही, शर्यत पुरी केली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली १९८४ मध्ये, आणि अमेरिकेच्या जोन बेनॉइटनं ती जिंकली. म्हणजे माझा जन्म झाला तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्या मैदानावर बायकांना हे अंतर पळायची मुभाच नव्हती.

आणि आमच्या सातारा जिल्ह्याचं सांगायचं तर माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर! २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं ती मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत पहिली आली. पुढं २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहावी आली. माण म्हणजे पाण्यासाठी कोसभर चालणाऱ्या बायांचा दुष्काळी मुलूख. तिथली मुलगी जगातल्या पहिल्या दहात! तिचं आणि माझं नातं एवढंच, की जिल्हा एक. पण पहाटे अंथरुणातून उठताना तेवढंही पुरतं.

लग्नघर रिकामं झाल्यावर

शर्यतीबद्दल थोडक्यात सांगते. पहाटेच्या अंधारात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघालो, मरीन ड्राइव्ह झालं, सागरी सेतूवर उजाडलं. तिशीच्या पुढचे किलोमीटर म्हणजे बाळंतकळाच, येते कळ, जाते कळ. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो, तो घाटातल्या माणसाला एरवी हसू येईल असा. पण छत्तीस-सदतीस किलोमीटर झाल्यावर तोच प्रतापगडासारखा दिसतो. रस्त्याच्या कडेला मुंबईकर संत्र्याच्या फोडी, चिक्की, मिठाची चिमूट घेऊन उभे होते. कोण कुठली मी, पण छातीवरच्या कागदावर नाव वाचून हाका मारत होते. ५ तास ४८ मिनिटांनी पोचले, गळ्यात पदक पडलं.

दुसऱ्या दिवसापासून खरी गंमत. जिना चढता येत होता, उतरता येत नव्हता. मी कठडा धरून उलटी, पाठमोरी उतरायची आणि मुलगा हसायचा. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं, पुढं महिन्याभरानं गळून आलं. भूक अशी की ताटातली चौथी भाकरी कधी संपली कळायचं नाही. त्यातच सर्दी-ताप. एवढं पळून झाल्यावर काही दिवस अंगाची प्रतिकारशक्ती जरा मंदावते, स्नायूंना आतून बारीक बारीक इजा झालेली असते. त्यामुळं दोन-तीन आठवडे नुसतं चालायचं, झोपायचं, खायचं. बाळंतिणीसारखंच म्हणा ना, फक्त शेक-शेगडी नाही. जुने धावक सांगतात, जितके मैल पळालात तितके दिवस विश्रांती. म्हणजे सव्वीस दिवस.

शरीराचं हे मला कुणी ना कुणी सांगितलं होतं. मनाचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. दूधवाल्याच्या कॅलेंडरशेजारी माझी वही खिळ्याला टांगलेली असायची. आज किती पळायचं, काय खायचं, सगळं तीत लिहिलेलं. सहा महिने त्या वहीनं मला पहाटे उठवलं. आणि आता वहीचं पान कोरं! लग्नघर कसं असतं बघा. महिनाभर रुखवत, याद्या, मांडव, आणि मुलगी सासरी गेली की दुसऱ्या दिवशी सतरंज्या गोळा करताना जिवाला काही सुचत नाही. अगदी तसं. विनाकारण रडू यायचं. घरात सगळं नीट असताना कशाचं रडू, हे कुणाला सांगणार? पुढं पळणाऱ्या इतर बायकांशी बोलले तेव्हा कळलं, की हे बहुतेकींना होतं. मोठं काम संपल्यावरची पोकळी आहे ती, आणि ती हळूहळू भरते. पण आपल्या आयुष्यात बाईनं स्वतःसाठी असं मोठं काम हाती घेणंच इतकं दुर्मीळ, की ते संपल्यावरच्या पोकळीला आपल्याकडे नावच नाही.

याच दिवसांत आमच्या ह्यांनी सरळ विचारलं, "एकदा सिद्ध करून दाखवलंस ना? मग आता पुन्हा कशासाठी?" प्रश्न वाईट हेतूनं विचारला नव्हता. घरातून एक बाई रविवारी पहाटे चार तास नाहीशी होते तेव्हा चहा, डबा, सासूबाईंच्या गोळ्या, सगळी घडी बदलते. त्यांना उत्तर द्यायला हवं होतं आणि माझ्याकडे ते नव्हतं.

सासूबाईंचं पान

ते उत्तर आलं वेगळ्याच वाटेनं. मार्चमध्ये सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. वय ७२. पडणं साधंच, पण खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसवली. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून मला दाखवला. म्हणाले, "हाड पडल्यामुळं मोडलं खरं, पण ते वीस वर्षं झिजत आलं होतं." पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बायकांची हाडं भराभर झिजतात. वरून काही दिसत नाही, दुखत नाही. एक दिवस पाय घसरतो आणि मग कळतं. हाडांना भार लागतो. चालणं, पळणं, जिना चढणं, वजन उचलणं असा भार पडत राहिला, पोटात पुरेसं कॅल्शियम आणि अंगावर ऊन मिळालं, तर ती बरीच टिकून राहतात. डॉक्टर हे सांगत होते सासूबाईंबद्दल, मी ऐकत होते माझ्याबद्दल. पाळी जायचं माझं वय आता चार-सहा वर्षांवर.

दोन महिने माझं पळणं पूर्ण बंद. त्याचं मला दुःख नव्हतं, आई म्हणजे आईच. पण घरी आल्यावर त्या चालायलाच तयार होईनात. वॉकर भिंतीला टेकून ठेवलेला. "आता काय उरलंय माझं, पडून ऱ्हाते," म्हणायच्या. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी उभं केलं होतं, आणि घरी येऊन पलंग धरला तर सगळंच ओमफस.

मग मी खिळ्यावरची वही काढली. कोऱ्या पानावर वर लिहिलं, 'आई'. पहिल्या दिवशी पलंगापासून खिडकीपर्यंत, बारा पावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाराच. तिसऱ्या दिवशी पंधरा. माझ्या पळण्याचा जो नियम तोच त्यांच्या चालण्याला. एकदम उडी घ्यायची नाही, दर आठवड्याला थोडंसंच वाढवायचं, एक दिवस विश्रांतीचा, आणि दुखणं कुठलं न् आळस कुठला हे ओळखायचं. पहिला आठवडा त्या माझ्यावर चिडल्या. दुसऱ्या आठवड्यात स्वतःच विचारायला लागल्या, "आज किती झाली गं? लिहिलंस का?" स्वयंपाकघरापर्यंत पोचल्या त्या दिवशी ओट्याला हात लावून उभ्या राहिल्या आणि पदरानं डोळे पुसले.

मी पळायला लागले तेव्हा याच सासूबाई म्हणायच्या, "कुठं निघालीस गं पहाटं पहाटं? मागं कोण लागलंय तुझ्या?" मेच्या शेवटी एका सकाळी त्याच म्हणाल्या, "तू जा बाहेर पळाया. माझ्यापायी तू घरात बसलीस तर उद्या तुझंबी हाड असंच मोडंल. मग माझ्या नातसुनंनं दोघींचं करायचं का?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला. त्यानंतर 'कशासाठी' हा प्रश्न आमच्या घरात पुन्हा निघालेला नाही. रविवारचा चहा आणि गोळ्या आता ते बघतात.

धाप का लागतेय?

जूनमध्ये पुन्हा सुरुवात केली. आणि यवतेश्वरच्या घाटात पहिल्याच वळणाला धाप लागली. दोन महिन्यांचा खंड पडला म्हणून असेल. पण तीन आठवडे झाले तरी तेच. पाय जड, दुपारी झोप, केस गळती, जिना चढताना छातीत धडधड. "वय झालं आता," "आजारपण काढलंस ना घरातलं, दमलीस," असं ज्यानं त्यानं निदान केलं. मी रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन ९.६! बाईचं किमान १२ तरी हवं.

हा आकडा वाचून तुमच्यापैकी कित्येक जणी म्हणतील, "एवढंच? माझं तर आठ आहे." तीच तर शोकांतिका आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त! म्हणजे हळदीकुंकवाला दहा जणी जमल्या तर पाच-सहा जणी थकव्यालाच आपला स्वभाव समजून बसलेल्या. चाळिशीत पाळी अनियमित होते, रक्तस्राव वाढतो, लोह निघून जातं. पळणारीचं आणखी थोडं जातं; घामातून, आणि पाय सतत रस्त्यावर आपटून काही लाल पेशी फुटतात त्यामुळं.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांनी सांगितलेल्या चार गोष्टी तुम्हालाही सांगते. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर लगेच चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळावं, आवळा-पेरू खावा, त्यानं लोह चांगलं मुरतं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये. आणि शौचाला काळं होतं म्हणून घाबरून गोळ्या सोडू नयेत. पाळीत फारच जास्त जात असेल तर नुसत्या गोळ्या गिळत न बसता कारण शोधून घ्यावं. तीन महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं. घाट तोच होता, पण मी निराळी बाई होते.

वहीतला आठवडा

आता माझा आठवडा कसा असतो ते सांगते, कारण हे सगळ्याच विचारतात. सोमवार सुट्टी. मंगळवारी पाच किलोमीटर, अगदी सावकाश. सावकाश म्हणजे किती? शेजारणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत इतकं. बोलताना दम लागला तर वेग जास्त झाला. (हा नियम आपल्या बायकांसाठीच केला असावा!) गुरुवारी घाटात किंवा अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर चढ. शनिवारी पुन्हा पाच-सहा. रविवारी लांब पल्ला, आठ-दहापासून वाढवत वाढवत नेलेला. दर चौथ्या आठवड्याला अंतर मुद्दाम कमी. बुधवारी आणि शुक्रवारी घरीच बैठका, भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, जिन्याच्या पायरीवर टाचा वरखाली करणं, आणि पाण्यानं भरलेले कॅन उचलणं. ही ताकदीची पंचवीस मिनिटं बायका टाळतात. पण गुडघे वाचतात ते त्यानंच.

खाण्याचं म्हणाल तर परदेशी पावडरचे डबे आमच्याकडे नाहीत. निघण्याआधी केळं किंवा दोन खजूर. लांब पल्ल्याला पदराची गाठ असते तशी कमरेला छोटी पिशवी, तीत गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि मीठ-साखरेचं पाणी. फार वेळ घाम गाळल्यावर नुसतंच पाणी ढोसू नये, अंगातलं मीठ कमी पडून चक्कर येते, प्रकरण गंभीरही होऊ शकतं. घरी आल्यावर ज्वारी-नाचणीची भाकरी, उसळ, दही, अंडं. दुपारी वीस मिनिटं पाठ टेकणं हा आळस नव्हे, तोही व्यायामाचाच भाग.

बोलायला अवघड, पण बोलायलाच हवं

काही गोष्टी पुरुष प्रशिक्षक सांगत नाहीत आणि आपण विचारत नाही. पहिली, आतले कपडे. पळण्यासाठी घट्ट आधार देणारी वेगळी ब्रेसियर मिळते. शूजइतकीच ती गरजेची आहे. नाहीतर पाठ-खांदे दुखतात, कातडी सोलवटते. दुसरी, शिंकताना, हसताना, पळताना लघवीचे थेंब जाणं. बाळंतपणानंतर कितीतरी जणींना हा त्रास असतो आणि त्या लाजेनं चालणंही सोडून देतात. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा वेळा आवळायचे आणि सोडायचे. दोन-तीन महिने नेटानं केलं की बहुतेकींना फरक पडतो. नाहीच पडला तर बाईडॉक्टरला दाखवावं, त्यावर उपचार आहेत. तिसरी, पाळी. त्या दिवसांत पळू नये असं काही शास्त्र नाही. झेपलं तर पळा, पोट दुखत असेल तर झोपा. ठरवायचं तुम्ही.

आणि कपडे? "लोक काय म्हणतील?" मी पहिलं वर्ष पंजाबी ड्रेसवर शूज घालून पळाले. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लता भगवान करे नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या, नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावर २०२० मध्ये सिनेमा आला, त्यात त्यांनीच काम केलं. त्यांच्यावर अनवाणी धावायची वेळ आली, तुम्ही मात्र शूज घालाच! पण कपड्यावाचून अडलं, असं कुणी म्हणू नये.

अंधाराची भीती मात्र खरी आहे. मोटरसायकलवरून जाताना शेरे मारणारे, भुंकत मागं लागणारी कुत्री, दोन्हींचा अनुभव आहे. आम्ही तिघी एकत्र निघतो, उजाडता उजाडता. अंगात चमकत्या पट्टीचं जाकीट, हातात छोटी काठी, घरी कुठल्या रस्त्यानं जातो ते सांगितलेलं. तिघी असलो की शेरे आपोआप कमी होतात, आणि आलाच तर एकीनं वळून नुसतं बघितलं तरी गाडी वेग घेते.

"ताई, आम्ही दिवसभर पळतोच की!"

वस्तीतल्या बचत गटात मी पळण्याविषयी बोलले तेव्हा एक जण पटकन म्हणाली, "ताई, आम्ही दिवसभर पळतोच की. चार घरची धुणीभांडी, वर पाणी भरायचं. आमाला कशाला आनि येगळं पळायला?" सगळ्या हसल्या. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. जिचं अंग कामानं मोडून आलंय तिला व्यायामाचा उपदेश करायला जीभ रेटत नाही. मी एवढंच विचारलं, "दिवसातला असा एक तास आहे का, की जो कुणाच्याच कामाचा नाही, फक्त तुझा?" सगळ्या गप्प झाल्या.

पुढच्या शनिवारी शाळेच्या मैदानावर अकरा जणी आल्या. पळायला नव्हे, बघायला. मग दोन फेऱ्या चालल्या. मग एका मिनिटाचं पळणं, दोन मिनिटं चालणं, साडीचा ओचा खोचून. हसून हसून पुरेवाट. आता सात जणी टिकून आहेत. गटानं ठराव करून सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं, सरकारी दवाखान्यात. भाजी विकणाऱ्या एका मावशींचं हिमोग्लोबिन ७ निघालं आणि त्यांच्यावर वेळेत उपचार सुरू झाले. माझ्या पदकापेक्षा मला त्या कागदाचं मोल जास्त वाटतं. त्याच मावशी आता न थांबता तीन किलोमीटर पळतात आणि वर म्हणतात, "हातगाडी ढकलण्यापरीस सोपं हाय की हे!"

सप्टेंबरचा घाट

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. २१ किलोमीटर, निम्मी वाट यवतेश्वरच्या घाटानं कासच्या दिशेला चढायची आणि तिथूनच परतायचं. सप्टेंबरात धुकं, भुरभुर पाऊस, कडेला रानफुलं. पहिल्या मॅरेथॉननंतरची माझी पहिली शर्यत ती, सप्टेंबर २०२५ ची. वेळ लागला २ तास ५१ मिनिटं. पूर्वीच्या माझ्या वेळेपेक्षा नऊ मिनिटं जास्त. कुणी शाल दिली नाही, केक नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी ठेवून. मी दिसताच काठी टेकून उभ्या राहिल्या. कुणाचा आधार न घेता. त्यांच्या पानावर त्या दिवशी आम्ही लिहिलं, 'घर ते गल्लीचं तोंड, जाऊन-येऊन २१० पावलं.'

दुसरी पूर्ण मॅरेथॉन अजून व्हायचीय. २०२६ च्या जानेवारीला मी मुंबईला गेले नाही, मुलाची बारावी होती. पहाटे त्याला उठवायचं आणि मी पाच किलोमीटर पळून यायचं, एवढंच त्या महिन्यात ठेवलं. मॅरेथॉन कुठं पळून जात नाही. घरच्या बाईला सलग पाच महिने मोकळे मिळत नाहीत; आजारपणं येतात, परीक्षा येतात, पाहुणे येतात. अशा वेळी अंतर कमी करायचं, पण वही मिटायची नाही, हे मी या दीड वर्षात शिकले. आता पुढच्या मॅरेथॉनची पानं आखायला घेतलीत.

सुरुवात करणाऱ्या मैत्रिणींसाठी

• चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब, साखर किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. सोबत हिमोग्लोबिनही तपासा.

• पहिला महिना फक्त चालणं, रोज अर्धा तास. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. घाई नको.

• शूज अंगठ्यापुढं थोडी जागा राहील असे घ्या, पळताना पाय सुजतात. घ्यायला संध्याकाळी जा.

• दुखणं दोन्ही पायांत सारखं असेल तर बहुधा थकवा. एकाच ठिकाणी टोचत असेल, लंगडावं लागत असेल, तर थांबा आणि दाखवून घ्या. छातीत दुखलं, चक्कर आली तर त्याच क्षणी थांबा.

• एकटीनं सुरू करू नका. एक शेजारीण, एक नणंद, एक मैत्रीण, कुणीतरी बरोबर घ्या. जिला पळता येत नाही तिला चालायला घ्या.

• आणि एक वही करा. दहा रुपयांची चालेल. वर स्वतःचं नाव घाला. किराण्याच्या, दुधाच्या, मुलांच्या फीच्या हिशेबाच्या वह्या आपण वर्षानुवर्षं लिहितो, ही एक आपली असू द्या.